घरबसल्या ‘स्वामी’: होतकरू ऐतिहासिक कादंबरीकारांसाठी

अभिनंदन! तुम्ही ऐतिहासिक कादंबरी लिहायचं मनावर घेतलं आहे. शनिवार-रविवार मोकळे असतात, शाळेत इतिहासात बरे गुण पडायचे आणि दोन-चार गड पाहून झाले आहेत, म्हणजे पात्रता पुरी झाली. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका लागली आणि तेव्हापासून मराठीत तिची धाकटी भावंडं जन्माला येतच आहेत. तुमच्याही घरी पाळणा हलायला हरकत नाही. पुढच्या सूचना क्रमाने पाळा. सहाशे पानांची हमी मी देतो. दर्जाची हमी प्रकाशकसुद्धा मागत नाही.

१. नायक निवडा.

इथे देसाईंचा कित्ता गिरवू नका. त्यांनी फार मोठी जोखीम घेतली होती. जानेवारी १७६१मध्ये पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा माधवराव गादीवर बसला. घरात काका राघोबादादा टपलेला, तिजोरीत कर्ज, दक्षिणेत हैदर, शेजारी निजाम. अकरा वर्षं हे सगळं ओढून १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी माधवराव थेऊरला क्षयाने वारले. ना गाजलेलं प्रेमप्रकरण, ना रणांगणावर मरण. पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेद. अशा माणसावर कादंबरी लिहायची म्हणजे लेखकाला स्वतःलाच काहीतरी दिसावं लागतं. तो त्रास आपल्याला कशाला?

ज्याचा पुतळा चौकात उभा आहे, असाच नायक घ्या. वाचकाला कथा पाठ असते, त्यामुळे उत्कंठा निर्माण करायचे कष्ट वाचतात. मात्र नायकाला दोष नकोत. तो लढाई हरला तर फितुरी झाली होती. चिडला तर तो उद्वेग होता. कर्ज काढलं तर ते औदार्य. देसाईंचा माधवराव संतापतो, हट्टाला पेटतो, सख्ख्या काकाला कैदेत टाकतो आणि वर त्याच काकासाठी तळमळतो. तेव्हा ते खपून गेलं. आता प्रत्येक नायकाला निदान एक संघटना असते, संघटनेला कार्याध्यक्ष असतो आणि कार्याध्यक्षाला भरपूर मोकळा वेळ असतो.

२. शीर्षक आधी ठरवा.

दोन किंवा तीन अक्षरं, त्याहून जास्त नको. वाईट बातमी अशी की चांगली नावं गेली. ‘झेप’, ‘झुंज’, ‘राऊ’ ना. सं. इनामदार घेऊन गेले. ‘छावा’ शिवाजी सावंतांनी १९७९ सालीच नेला. ‘पानिपत’ विश्वास पाटलांकडे आहे. उरलेल्यांत ‘वादळ’ची पावसाळी अंकात गणना होते. सुचेना तर नायकाच्या नावापुढे ‘महा’ लावून बघा.

३. सुरुवात हवामानाने करा.

सूर्य मावळतीला टेकवा. क्षितिजावर लाली पसरवा आणि त्या लालीत येणाऱ्या रक्तपाताची चाहूल ठेवा. लगेच घोडेस्वार सोडा. घोडा फेसाळलेला हवा आणि स्वाराच्या चेहऱ्यावर धूळ हवी. धुळीमुळे तो कोण हे कळत नाही आणि पहिली चार पानं आपोआप निघतात.

४. महाल सजवा.

समई, शमादानं, हंड्या, झुंबरं, लोड, तक्के, गालिचे, पिकदाणी, अत्तरदाणी ही यादी टेबलासमोर चिकटवून ठेवा. प्रत्येक प्रवेशात यांतल्या निदान पाच वस्तू आल्या पाहिजेत. चुकण्याची भीती बाळगू नका. शनिवारवाडा १८२८ साली आगीत खाक झाला. दगडी तटबंदी, बुरूज आणि जोती उरली. दिवाणखान्यात झुंबर नेमकं कुठे होतं, हे सांगायला कुणी येणार नाही. आमच्या धंद्याला त्या आगीइतकी मदत कुणीही केलेली नाही.

या सामानाचा उपयोग कसा करायचा, ते एका उदाहरणाने बघू. समजा, घडलं एवढंच आहे की पेशव्यांनी पाणी मागितलं. नवशिका ते एका ओळीत लिहून मोकळा होतो आणि त्याची कादंबरी ऐंशी पानांत आटोपते. तुम्ही असं करा. आधी कमानीतून वारा आत घ्या. वाऱ्याने समईची ज्योत थरथरू द्या. श्रीमंतांची नजर ज्योतीवर खिळवा. ज्योतीवरून त्यांना पानिपत आठवू द्या. (पानिपत कशावरूनही आठवतं. ज्योत, धूर, फुटकी बांगडी, काहीही चालतं.) आठवणीला दोन पानं द्या. मग पडद्याआडून काकणं वाजू द्या. ‘कोण?’ असं विचारा. त्या वेळी त्या महालात येऊ शकणारी व्यक्ती जगात एकच आहे, तरी विचाराच. ती उत्तर देणार नाही. नवी ओळ. पुन्हा विचारा. ती ‘आम्ही’ म्हणेल. नवी ओळ. दोघांना एकमेकांकडे बघू द्या आणि बघण्यात जे बोलणं झालं, ते शब्दांत सांगता येणार नाही असं सांगून सव्वा पान सांगा. शेवटी श्रीमंतांनी ‘पाणी’ म्हणावं, हुजऱ्याने मुजरा करावा, पाठ न दाखवता मागे सरकावं आणि चांदीच्या तांब्यावर समईचा उजेड पाडून प्रकरण संपवावं.

पाणी पुढच्या प्रकरणात येईल.

५. भाषा.

इथे बरेच होतकरू घाबरतात. अठराव्या शतकातलं मराठी आपल्याला कुठे येतं, असं त्यांना वाटतं. येत नाही, हेच बरं. खरं मराठी फार अडचणीचं आहे. पेशवाईतली पत्रं फौज, मुलूख, वसूल, बाकी, रवाना, तहनामा, जामीन अशा फारसी-अरबी शब्दांनी खचाखच भरलेली असतात. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास या शब्दांना पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला होता, तरी शंभर वर्षांनी पुण्याच्या फडावरचे ब्राह्मण कारकून तेच शब्द लिहीत होते आणि मुसलमानी तारखा घालत होते. असं काही छापलंत तर वाचक म्हणेल, हा पेशवा अस्सल वाटत नाही.

अस्सल भाषा कादंबऱ्यांत मिळते. देसाईंनी आपल्या पात्रांसाठी एक भारदस्त, संथ, थोडी नाटकातली बोली घडवली. त्यांना पुरेल इतकीच ती त्यांनी वापरली. पुढच्यांनी ती मालिकांना दिली, मालिकांनी लग्नपत्रिकांना दिली, आणि आता साखरपुड्याचं आमंत्रणही ‘येणेप्रमाणे’ येतं. तुम्ही तिथून उचला. कृती सोपी आहे. संवाद आधी घरच्यासारखा लिहून काढा. मग ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ घाला, ‘हो’च्या जागी ‘जशी आज्ञा’, ‘बस’च्या जागी ‘आसनस्थ व्हावे’. ‘जेवायला चला, गार होतंय’ याचं ‘पाने मांडली आहेत, श्रीमंतांनी उठावे’ झालं की एक शतक मागे गेलात. ‘करते झाले’ आणि ‘वदते झाले’ ही क्रियापदं जपून वापरा. एका पानात तीनदा आली की पुराण सुरू होतं.

प्रत्येक संवादाच्या शेवटी एक सुविचार हवा. पुढे तो फोनवर फिरतो, खाली नायकाचं नाव लागतं आणि वर्षभरात तो इतिहास होतो. तुमचं नाव मात्र गळतं. यात वाईट वाटून घेऊ नका. मोठ्या लेखकांचंही हेच झालं आहे.

६. वेळ आणि अंतर.

मिनिट लिहू नका. घटका म्हणजे २४ मिनिटं, प्रहर म्हणजे तीन तास, पळ म्हणजे २४ सेकंद. ‘दहा मिनिटांनी’ असं लिहिलं असेल तिथे ‘अर्ध्या घटकेने’ करा. दोन मिनिटं जास्त होतात, पण पेशव्यांना कुठे लोकल पकडायची आहे? मैलांचे कोस करा. किती मैलांचा कोस, यावर वाद आहे. म्हणजे तुम्ही सुरक्षित आहात.

७. खाणंपिणं.

एवढी एकच बाब गंभीरपणे घ्या. चहा नको. टोमॅटो नको. बटाटा शक्यतो टाळा. आणि काही झालं तरी एकादशीला माधवरावांच्या पत्नी रमाबाईंच्या हातून साबुदाण्याची खिचडी वाढू नका. तो साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो, त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमला निघाले ते विसाव्या शतकात. तुम्ही नायकाच्या तोंडी तीनशे पानं मनची भाषणं घाला, मेलेल्या माणसांना स्वप्नात आणा, दोन लढायांमध्ये एक काल्पनिक बहीण घाला, कुणी हूं की चूं करणार नाही. पण खिचडी आली की सदाशिव पेठेतून एका निवृत्त गृहस्थांचं चार पानी पत्र येणारच, आणि त्याची प्रत तीन संपादकांना गेलेली असेल.

८. स्त्रिया.

तुळशीवृंदावन, औक्षण, वाट पाहणे. वय झालं की जपमाळ.

माधवरावांच्या आई गोपिकाबाईंसारखं पात्र वाटेत आलं तर मात्र पेच पडतो. नवरा गेला, थोरला मुलगा पानिपतावर गेला, दुसऱ्याचा राज्यकारभार पटेना म्हणून बाई नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. तिथूनही त्यांनी नातवाला, सवाई माधवरावांना, दिवसभर कसं वागावं याच्या सूचना लिहून पाठवल्या. एवढी बुद्धी, एवढा हेका आणि एवढं दुःख एका बाईत बसवायला वेगळी कादंबरी लागेल. तुम्ही त्यांना करारी नजर द्या आणि पुढे चला.

९. खोकला.

हा या मार्गदर्शिकेचा गाभा आहे, लक्ष देऊन वाचा.

‘स्वामी’ कशावर चालते? तिच्यातल्या माणसाकडे वेळ नाही, यावर. काका दर थोड्या दिवसांनी नवं कारस्थान करतो. १७६३ साली राक्षसभुवनला निजामाला बुडवावं, तर हैदर उठतो. हैदराकडे जावं, तर घर फुटतं. १७६८ साली धोडपला राघोबादादांना पकडून शनिवारवाड्यात आणून बसवावं, तोवर स्वतःच्या शरीरात क्षय मुरलेला असतो. हाती घेतलेलं प्रत्येक काम अपुरं राहणार हे वाचकाला माहीत असतं, हळूहळू माधवरावांनाही उमगत जातं, आणि तरी ते सकाळी उठून कामाला बसतात. बायकोशी दोन शब्द बोलायचे राहून जातात, ते याच्यापोटी. म्हणून ते राहिलेले शब्द टोचतात.

हे साधायला फार अवघड आहे. त्यापेक्षा खोकला घ्या.

दर चाळीस पानांनी एक उबळ येऊ द्या. पहिल्या उबळीला ‘काही नाही, थोडी कणकण आहे’. दुसरीला वैद्य. तिसरीला रुमाल. रुमाल पांढरा हवा, कारण चौथ्या उबळीला त्यावर लाल डाग पडणार आहे. नायक तो लपवतो, नायिकेला दिसतो, दिसल्याचं ती लपवते, ते त्याला कळतं, कळल्याचं तो लपवतो. या एका रुमालावर कमीत कमी साठ पानं निघतात. तुमचा नायक धट्टाकट्टा असेल आणि इतिहासात त्याला साधं पडसं झाल्याचीही नोंद नसेल, तर आईला आजारी पाडा. आईच्या आजाराची नोंद कुणी तपासत नाही.

थेऊरला जाऊन या, पण कादंबरी संपल्यावर. चिंतामणीचं देऊळ आहे, नदीकाठी रमाबाईंच्या सतीचं वृंदावन आहे. आधी गेलात तर धोका असा, की तिथली शांतता आणि माणसाचं सत्तावीस वर्षांचं आयुष्य मनात एकत्र येतं आणि रुमालावर साठ पानं लिहायची लाज वाटू लागते.

१०. संशोधन.

करू नका.

पुण्यात पेशवे दफ्तर आहे, त्यात कोट्यवधी कागद आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यांतून निवडून ४५ खंड छापले. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड वेगळेच, पहिला १८९८ सालचा. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून याच कामासाठी उभं आहे. हे सगळं उपलब्ध आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे. एक कागद हातात घेऊन बघा. जुनाट, तपकिरी, कडा खाल्लेल्या. मोडी अशी की टाक उचललेलाच नाही, शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळत नाही. मजकूर काय? तर दाणावैरण मिळत नाही. शिलेदारांचा पगार थकला, फौज हलत नाही. सावकार दारात बसला आहे. अमक्या गावचा वसूल आला नाही, बैल मेले, पाऊस पडला नाही. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. मध्ये कुठेही सूर्य मावळत नाही.

असे शंभर कागद वाचलेत की तुमचा नायक तलवार ठेवून जमाखर्च पाहू लागेल. खरे माधवराव तेच पाहत होते. शेवटच्या दुखण्यातही दौलतीचं कर्ज फिटावं, ही त्यांची चिंता होती. रयतेला वेठीला धरू नये म्हणून ते आपल्याच अंमलदारांच्या मागे लागले. यातलं मुखपृष्ठावर काय टाकणार? सावकाराचं चित्र काढून पुस्तक खपत नाही.

तेव्हा संशोधन म्हणून आधीच्या चार कादंबऱ्या वाचा. त्यांच्या लेखकांनीही आधीच्या चार वाचलेल्या असतात. १८७१च्या ‘मोचनगड’पासून हरिभाऊंच्या ‘उषःकाला’वरून ही वाट आली आहे, आणि आता ती इतकी मळली आहे की डोळे मिटून चालता येतं. मागे संदर्भग्रंथांची यादी द्या. लांब द्या. वाचलेल्या पुस्तकांची यादी द्यावी, असा नियम नाही.

११. लढाई.

धूळ, ‘हर हर महादेव’, संध्याकाळ. अडीच पानं. तोफा कुणाच्या होत्या ते आधी बघून घ्या.

१२. प्रस्तावना.

देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचं प्रदीर्घ विवेचन आहे. ते इतकं कसदार आहे की तेवढंच वाचून कादंबरीवर बोलणारी मंडळी मी पाहिली आहेत. हा धोका पत्करू नका. लेखकाला प्रश्न विचारणारा विद्वान प्रस्तावनेला बोलावू नये. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही आणि वाचणारही नाहीत, असे मान्यवर गाठा. ते ‘शिवधनुष्य पेलले आहे’ एवढं नक्की लिहितात.

तुमचं मनोगत वेगळं. त्यात हे पुस्तक तुम्ही लिहिलं नसून कुणीतरी तुमच्याकडून लिहवून घेतलं, असं म्हणा. परीक्षण वाईट आलं तर याचा फार उपयोग होतो.

१३. विक्री.

पुठ्ठाबांधणी, भगवं आकाश, उधळलेला घोडा. जाडी कमी पडली तर टाइप मोठा करा आणि संवादांतल्या ओळी सुट्या ठेवा. ‘जी.’ ही एक ओळ होते, हे विसरू नका. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत ऐतिहासिक कादंबरीला मागणी कायम असते. पहिल्या दहा पानांवर बोटांचे डाग आणि पुढची पानं कोरी असली तरी ती कपाटात अभिमानाने उभी राहते. चित्रपटाची आशा ठेवायला हरकत नाही. ‘राऊ’वरून २०१५ साली आणि ‘छावा’वरून २०२५ साली निघालेच की. फक्त इनामदार १९७२ सालीच लिहून मोकळे झाले होते, हे घरी सांगू नका.

आता कामाला लागा. लिहून होईपर्यंत ‘स्वामी’ची प्रत कपाटात कुलूपबंद ठेवा आणि किल्ली शेजाऱ्यांकडे द्या. चुकून उघडलीत आणि वाचत गेलात, तर तुमची सहाशे पानं तुम्हालाच चाळवणार नाहीत. आणि एक विनंती. अर्पणपत्रिकेत माझं नाव घालू नका. आई-वडील आहेत, कुलदैवत आहे, तेवढं पुरे.